लेकरांचं ऊन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून भाचा नुसतं "आत्या..." म्हणाला आणि थांबला. त्या थांबण्यातच मला काय ते कळलं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, "जेवला का रे तो?" असं का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. मग निवडलेली पानं आणि टाकायच्या काड्या माझ्या हातून एकाच टोपलीत पडल्या, आणि मी बराच वेळ त्या टोपलीकडं बघत राहिले. आता भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली आहे, घरात पुन्हा रेडिओ लागतो. त्याच्याबद्दल चार ओळी लिही असं मला अनेकांनी सांगितलं. लिहायला बसले की पेन थांबतं आणि डोळे वाहू लागतात, एवढीच काय ती अडचण.

माझा थोरला भाऊ शांतवन चाळीस पिढ्यांना शिकवल्याच्या थाटात वावरायचा, पण होता साधा ड्रॉइंग मास्तर. शहरातल्या एका शाळेत नोकरी, हर्सूलच्या अलीकडं वस्तीत घर, आणि घराला लागून आमचं लहानसं चर्च. त्याची माझी शेवटची भेट तिथंच झाली, जायच्या आदल्या रविवारी. थंडी मरणाची होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो सतरंजीवर न बसता पुरुषांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. अंगात स्वेटर, वर शाल, आणि तरी कुडकुडत होता. पूर्वेच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या दिवशी पार मधल्या वाटेपर्यंत सरकलं होतं, त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. मी म्हटलं, "दादा, खुर्ची सरकवते. उन्हात बस जरा." त्यानं उलट पाय मागं घेतले. "नको. ती लेकरांची जागा आहे." "अरे, आज एकसुद्धा लेकरू नाही तिथं." "येईल की," तो म्हणाला. मला राग आला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस थंडीनं काकडतोय आणि रिकाम्या उन्हात बसत नाही, याला हट्ट नाही तर काय म्हणायचं? तो हट्ट कुठून आला हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढं बोलले नाही. वाचणाऱ्यांना मात्र ते मुळापासून सांगायला हवं.

आम्ही मूळचे पाचोडकडचे. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्या धामधुमीनंतर बापूंनी गाव सोडलं आणि आईला आणि तान्ह्या दादाला घेऊन ते औरंगाबादला आले. माझा जन्म इथलाच. वस्तीतली सगळी घरं आमच्यासारखीच, कुणी गंगापूरकडून आलेलं, कुणी पैठणकडून, सगळ्यांच्या मागं एक गावकुसाबाहेरची जागा होती आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नसे. सगळ्यांनी मिळून चर्च बांधलं. मातीच्या भिंती, वर पत्रे, आत चुन्याचा हात, आणि समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला लाकडी क्रूस. चपला बाहेर काढायच्या, आत सतरंजीवर बसायचं. पूर्वेच्या भिंतीकडं बायका आणि मधली वाट सोडून पलीकडं पुरुष. बाकं घ्यावीत असं अधूनमधून निघायचं, पण बाकावर बसून प्रार्थना केली की देव फार लांब वाटतो, असं आईसकट सगळ्या बायकांचं मत होतं.

आईला त्या उघड्याबोडक्या चर्चचं अतोनात प्रेम होतं. दर शनिवारी ती आतली जमीन सारवायची. भिंतीवर एखादं चित्रांचं कॅलेंडर कुणी लावलं तरी ती काढून ठेवायची. मला वाटायचं, हिला सुंदर काही आवडतच नाही. दादाला नेमकं उलटं वेड. लहानपणी सुट्टी लागली की तो बीबीच्या मकबऱ्यात जाऊन बसायचा, आणि तिथल्या दगडी जाळ्यांतून जमिनीवर पडणारी उन्हाची नक्षी सिगारेटच्या पाकिटांच्या मागं काढायचा. बापूंनी कधी ओढली नाही ती सिगारेट, पाकिटं याच्या खिशात सापडली म्हणून एकदा मार खाल्ला बिचाऱ्यानं. मास्तर झाल्यावरही त्याचं हे थांबलं नाही. शहागंजच्या बाजूला रशीदभाईंचं सुतारकामाचं दुकान होतं. शाळा सुटली की दादा तिथं जाऊन बसायचा, एखादी फळी उचलून तिचा वास घ्यायचा. रशीदभाई म्हणायचे, "मास्टर, खरीदना-वरीदना कुछ नहीं, खाली सूंघने कू आते तुम."

एका वर्षी त्यानं रविवारच्या शाळेतली आमची मुलं वेरूळला नेली. तिथल्या एका लेण्याचं छत आतून लाकडी वाशांसारखं कोरलेलं आहे. दगडच तो, पण कोरणाऱ्यांनी एकेक वासा सोडवून काढलाय. मुलं आवाज घुमतो म्हणून ओरडत होती आणि दादा मान वर करून उभा होता. घरी हातपाय धुता धुता म्हणाला, "कृपा, त्या माणसांनी त्यांच्या देवाला अख्खा डोंगर दिला गं. आपण आपल्या देवाला काय दिलं? चुना आणि एक खिळा." पुढच्या आठवड्यात त्यानं चर्चच्या पंचांसमोर अर्ज ठेवला. पूर्वेच्या खिडकीला पत्र्याचं दार आहे, ते काढून तिथं सागवानी जाळी बसवायची. लाकूड त्याचं, मेहनत त्याची आणि रशीदभाईंची. नक्षीत क्रूस गुंफलेले, एकाच्या हाताला दुसऱ्याचा हात लागलेला. पंचांत कुरकुर झाली. एक जण म्हणाले की आपण मूर्ती सोडून निघालेली माणसं, पुन्हा नक्षीकामाच्या नादी का लागायचं? दादा म्हणाला, "बायबलात लोकांना वाळवंटात तंबू ठोकून भक्ती करायची होती, तरी त्या तंबूचे पडदे कसे, रंग कोणते, हे देवानं सांगितलंच होतं की. कारागीरसुद्धा त्यानंच निवडले." आमच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, हे पटलं आणि पंचांनी मान डोलावली. घरी मात्र आईनं मान डोलावली नाही.

ती चुलीपुढं बसली होती. दादानं कागद उलगडून नक्षी दाखवली. आईनं पाहिली, अगदी नीट पाहिली, आणि भाकरी उलटवत म्हणाली, "जाळी बसली तर म्या आत पाय टाकणार नाय." आम्ही दोघंही चकित. दादानं कारण विचारलं, तशी ती बोलली. तिच्या माहेरच्या गावात दगडी देऊळ होतं, कोरीव, जुनं. तिची आई देवळापुढचा रस्ता झाडायची. देवळात जायची सोय नव्हती, पण मागच्या भिंतीला एक दगडी जाळी होती. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. टाचा उंच करून ती त्या जाळीतून आत बघायची, लांबवर समईची ज्योत दिसायची. "लई देखणं दिसायचं रं," आई म्हणाली. "एक दिवस कुणीतरी बघितलं. मला काय केलं नाय. माझ्या मायला धरून बोलले. समद्या गावापुढं... त्या दिवशी कळलं मला, जाळी कशापायी असती ते. बाहेरच्यांनी बाहेरून बघायपायी असती." मग ती भाकरीकडं वळली. "आपलं चर्च उघडंबोडकं हाय म्हणून मला कुणी हाकलत नाय. जागा देखणी झाली की दारात माणूस उभा राहतो, शांतवन. तू नको आणू तसलं काय."

आईनं आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. दादा तिच्यापुढं उकिडवा बसून राहिला. त्यानं काम सोडून दिलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, कारण आईच्या शब्दाबाहेर तो कधीच जात नसे. पण तो हळू आवाजात म्हणाला, "आई, देखणं तुला आवडत होतं. त्यांनी ते तुझ्याकडून काढून घेतलं. मग आता तरी आपण ते आपल्यासाठी करायचं नाही का? आपल्याला शोभत नाही, असंच का धरून चालायचं?" तिनं त्याला वाढलं, आणि जेवून तो रशीदभाईंकडं गेला.

पुढचे काही महिने घरात विचित्र गेले. दादा कोरलेले तुकडे घरी आणून घासत बसायचा, आणि आई झाडताना त्या तुकड्यांच्या भोवतीनं झाडायची, हात न लावता. मी त्या आधीपासूनच बाळंतपणासाठी माहेरी होते. माझी आशा तिथंच झाली. तिला मांडीवर घेऊन मी दोघांचा अबोला बघायची. दादाची झोप उडाली होती. त्याला जाळी हवी होती, पण आईशिवायच्या चर्चमध्ये नको होती. एकदा मला म्हणाला, "ती आली नाही तर मी ही कुणासाठी केली गं?"

नाताळच्या आधीच्या शनिवारी दादा आणि रशीदभाईंनी जाळी बसवली. दुपार झाली होती, ऊन पलीकडच्या बाजूला गेलेलं. लाकडाला तेल देऊन दोघं लांबून बघत उभे राहिले. रशीदभाई म्हणाले, "मास्टर, अब तो माँजी कू आनाच पडता." दादा नुसता हसला.

रविवारी सकाळी आई बरोबर निघाली, पण चर्चच्या अंगणात लिंबाखाली थांबली. "मी हाय इथं," म्हणाली. मी आशाला घेऊन आत गेले, आणि दारातच थबकले. माझ्या पुढं गेलेल्या साऱ्या बायका उभ्याच होत्या. सतरंजीवर, अगदी आम्ही बसतो तिथं, उन्हाचे क्रूस पडले होते. एकाला एक लागलेले, सोनेरी, भिंतीपासून मधल्या वाटेपर्यंत. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं... आणि त्यावर पाय ठेवायची कुणाची छाती होत नव्हती. क्रूसावर पाय कसा द्यायचा? त्यावर बसायचं कसं? बायका भिंतीला अंग चोरून उभ्या, मागून आलेल्या दारात अडकलेल्या. महिनोन्महिने दादानं आणि रशीदभाईंनी खिडकीचा विचार केला होता. ऊन आत येऊन जमिनीवर पडणार, आणि आमच्यात जमिनीवर माणसं बसतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मकबऱ्यात आयुष्यभर उन्हाची नक्षी काढत बसलेल्या माणसाच्या डोक्यात!

पाळकसाहेब म्हणाले, "बायांनो, बसा. नुसतं ऊन आहे ते, क्रूस थोडाच आहे?" बोलणं ठीक होतं, पण पुढं जाताना ते स्वतः उन्हाला वळसा घालून गेले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. कुणी म्हणालं, पत्रा लावा परत. दादा मधल्या वाटेत उभा होता. मी त्याचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता, पुढं पाहिलाही नाही. त्या गोंधळात माझी आशा उठली आणि तिनं जो टाहो फोडला, तो कशानं थांबेना.

जाळीच्या पलीकडं काहीतरी हललं. आई होती. लेकराचं रडणं ऐकून ती लिंबाखालून उठून भिंतीशी आली होती, आणि बाहेरून जाळीला डोळा लावून आत बघत होती. किती वेळ बघत होती, देव जाणे. मग जाळीतली सावली गेली आणि ती दारातून आत आली, उभ्या बायकांना बाजूला सारत. "पुन्हा उभ्याच ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण पत्र्याखाली सगळ्यांना ऐकू गेला. "देखणी जागा दिसली की आपण उभंच राहायचं, असं कुणी सांगितलं गं तुम्हाला? आता तर कुणी हाकललं बी नाय!" तिनं माझ्या हातातून आशाला घेतलं, उन्हाच्या कडेला मांडी घातली, आणि पोरीला सरळ त्या क्रूसांच्या मधोमध निजवलं.

बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. आई म्हणाली, "लेकराच्या पायाला काय पाप असतं व्हय? ठेवा आपापली लेकरं. आन् तुम्ही बसा कडंनं."

आशा उबेनं गप्प झाली. तिच्या इवल्याशा पोटावर एक क्रूस, कपाळावर एक, आणि पाय झाडले की पायावर एक. मग दुसऱ्या एकीनं तिचं तान्हं ठेवलं. मग तिसरीनं. बायका गोल करून उन्हाच्या काठानं बसल्या, आणि गीत सुरू झालं. आईचा तळहात उन्हात होता, आशाच्या डोक्याखाली. ती मान वर करून जाळीकडं बघत होती, आतून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दादा पुरुषांत जाऊन बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हुंदके देऊन रडला, हे मला बापूंनी नंतर सांगितलं.

उपासनेनंतर तो आईला म्हणाला, "चुकलंच माझं. नक्षी बदलतो. क्रूस काढून फुलं करतो." आई म्हणाली, "राहू दे. मला दर रविवारी निजवायला एखादं लेकरू लागंल, तेवढं बघ."

तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये ती रीत पडली. तान्हं मूल पहिल्यांदा चर्चला आलं की आधी उन्हात ठेवायचं, मग पाळकांच्या हातात द्यायचं. उन्हाळ्यात ऊन भिंतीशी आखडतं तेव्हा जागेवरून आयांमध्ये थोडं वाजतं, हिवाळ्यात पुष्कळ होतं. एका बाहेरून आलेल्या पाळकांनी यावर मोठा उपदेश केला, हे शास्त्रात कुठं आहे म्हणून विचारलं. बायकांनी मन लावून ऐकलं, आणि ऐकताना लेकरं उन्हातच होती. रशीदभाई दर हिवाळ्यात तेलाची बाटली घेऊन यायचे, जाळी पुसायचे, आणि "हमारे बच्चे कैसे हैं" म्हणून बायकांना विचारायचे. ते गेल्यावर तेल द्यायचं काम दादानं घेतलं. मातीच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, पण खिडकी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा म्हणून तो गवंड्याच्या डोक्यावर बसून राहिला. आई शेवटपर्यंत उन्हाच्या काठाला बसली. ती गेल्यावर मी तिच्या जागी बसू लागले.

दादा मात्र त्या जागेत कधी आला नाही. बायकांची बाजू म्हणून नव्हे, कारण हिवाळ्यात ऊन मधल्या वाटेत येतं आणि तिथं कुणीही बसू शकतं. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "मी तिथं चुकलो, कृपा. जाळी मी केली खरी, पण जागा आईनं केली. तिथं मी कसा बसू?"

त्याला मातीला न्यायचं ठरलं ते दुपारी चारला. पेटी चर्चमध्ये आणली तेव्हा भाचा नेहमीप्रमाणं वेदीपुढं दोन स्टुलं मांडत होता. मी म्हटलं, "तिथं नको. इथं ठेव." मी आमच्या बाजूला, आईच्या जागेपुढं हात केला. पंचांतलं कुणीतरी म्हणालं, ती लेकरांची जागा आहे. मी म्हटलं, "मग तो कोण आहे? आईचं लेकरूच की." तेवढं बोलले आणि मला रडू आवरेना. पेटी तिथं ठेवली. ऊन नव्हतंच. चार वाजता पूर्वेच्या खिडकीत कसलं ऊन? जाळी काळी दिसत होती आणि पेटीवर नुसती सावली. दादा असता तर म्हणाला असता, कृपा, जन्मभर तुला वेळेचं भान नाही. पण पाय त्याचे तिथं होते, हे मला पुरलं.

परवाच्या रविवारी मी जरा लवकर गेले. सतरंजीवर स्टुलांच्या पायांचे दाब अजून आहेत, झटकूनही गेलेले नाहीत. त्यावर सकाळचं ऊन येऊन बसलं होतं, एका क्रूसाचा हात दुसऱ्याच्या हाताला लागलेला. गंगापूरकडून आमच्या वस्तीत नुकतीच राहायला आलेली एक पोर दाराशी घुटमळत होती, छातीशी महिन्याभराचं बाळ. तिनं दादाला पाहिलेलं नव्हतं, आईचं तर नावही माहीत नसेल. उन्हाकडं बघून तिनं हळूच विचारलं, "मावशी, इथं ठेवायचं म्हणतात... ठेवू का? चालंल ना?"

"व्हय," मी म्हटलं. "ठेव. आन् तू उभी राहू नको, बस."

तिनं बाळाला निजवलं आणि माझ्या शेजारी बसली. बाळानं ऊब लागताच पाय ताणले, आणि त्या एवढ्याशा तळव्यावर क्रूस आला.